मुका देव आणि ताठ मान
(उपवासकाळासाठी शास्त्राभ्यास)



उपवासकाळातील तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी पवित्र मिस्सेत यिर्मया संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायातील वाचन असते (यिर्मया ७:२३-२८). वाचन अवघ्या सहा वचनांचे आहे. गुरुवारी देवळात मोजकीच माणसे असतात. कुणी रानात गेलेले असते, कुणी सुप्याला एमआयडीसीत पाळीवर असते. त्यामुळे हे वाचन आपल्यापैकी अनेकांच्या कानावर पडतच नाही. म्हणून आज या रविवारच्या पत्रकात त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

या सहा वचनांत परमेश्वराची एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. तो आपल्या लोकांशी बोलला, पण त्यांनी ऐकले नाही. त्याने दररोज आपले सेवक म्हणजे संदेष्टे पाठविले, पण त्यांनी कान दिला नाही, उलट मान अधिकच ताठ केली. आणि याच अध्यायात थोडे आधी (७:१८) एका घरातले दृश्य आहे. मुले लाकडे गोळा करीत आहेत, बाप विस्तव पेटवीत आहे, आई कणीक मळीत आहे. सारे कुटुंब कामाला लागले आहे, आणि हे सर्व चालले आहे ते एका परक्या देवतेच्या नैवेद्यासाठी.

हट्टीपणा आणि मूर्तिपूजा हे दोन दोष संदेष्टे असे शेजारी-शेजारी का ठेवतात? वरवर पाहता ते वेगळे आहेत. एक स्वभावाचा दोष, दुसरा उपासनेचा. पण संदेष्ट्यांना त्या दोहोंचे मूळ एकच दिसले. ते मूळ समजले, तर हा उपवासकाळ आपल्याला खूप काही देऊन जाईल.

ताठ मान म्हणजे काय?

‘ताठ मानेचे लोक’ हा शब्द पवित्र शास्त्रात पहिल्यांदा कुठे येतो ते लक्षात घ्या. मोशे सीनाय पर्वतावर गेला होता. तो लवकर खाली येईना, तेव्हा लोकांचा धीर सुटला. त्यांनी अहरोनाकडे देव मागितला. त्याने त्यांच्या कानांतील सोन्याची कुंडले गोळा केली आणि वासरू घडविले. तेव्हा परमेश्वराने मोशेला सांगितले की, हे लोक ताठ मानेचे आहेत (निर्गम ३२:९). वासराची पूजा करणाऱ्यांना मिळालेले नाव बैलाच्या मानेवरून आलेले आहे!

आपल्या शेतकरी बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. खोंड पहिल्यांदा औताला धरताना काय होते ते तुम्ही जाणता. तो जुवाखाली मान देत नाही. कासरा डावीकडे ओढला तरी मान वळवीत नाही. ताकद भरपूर आहे, पण ती कुणाच्या कामाची नाही. होशेय संदेष्ट्यानेही इस्राएलला हट्टी कालवडीची उपमा दिली आहे (होशेय ४:१६).

यिर्मयाने आणखी एक शब्द वापरला आहे. मनाचा हट्ट दाखविणारा एक विशेष हिब्रू शब्द जुन्या करारात थोड्याच ठिकाणी येतो आणि त्यांतील बहुतेक जागा यिर्मयाच्याच पुस्तकात आहेत. त्याच्या मते हट्टी मनुष्य म्हणजे केवळ ‘नाही’ म्हणणारा नव्हे. तो स्वतःच्या मनालाच आपला पुढारी करतो आणि त्याच्या मागे चालतो. तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल सांगतो की, माणूस जे वारंवार करतो तसा तो घडत जातो. एकदा न ऐकणे ही चूक असते. रोज न ऐकणे हा स्वभाव बनतो. मग हाक कानाशी आली तरी ती हाक आहे हेच कळत नाही.

मुका देव सोयीचा असतो

आता यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाकडे येऊ. एक मनुष्य रानात जाऊन झाड तोडतो. त्यातील अर्ध्या लाकडावर तो भाकरी भाजतो, मांस शिजवितो, शेकत बसतो आणि समाधानाने म्हणतो की, छान ऊब आली. उरलेल्या लाकडाचा तो देव करतो आणि त्याच्यापुढे लोटांगण घालून तारण मागतो. संदेष्ट्याचा प्रश्न साधा आहे. ज्या ओंडक्याचा अर्धा भाग चुलीत गेला, त्याचाच उरलेला भाग तुला वाचवील काय?

यशया इथे हसतो आहे, पण हसण्यामागे दुःख आहे. ११५ व्या स्तोत्रात तेच दुःख आहे. घडविलेल्या देवांना तोंड आहे पण बोलता येत नाही, कान आहेत पण ऐकू येत नाही. आणि स्तोत्रकर्ता पुढे एक भयंकर गोष्ट सांगतो. जे त्यांना घडवितात आणि त्यांच्यावर भिस्त ठेवतात, ते त्यांच्यासारखेच होतात. म्हणजे तेही कान असून बहिरे होतात.

इथे आपल्याला दोन्ही दोषांचे समान मूळ सापडते. माणूस मुका देव का निवडतो? कारण तो सोयीचा असतो. मुका देव कधी विचारीत नाही की, तुझा भाऊ कुठे आहे. मजुराची मजुरी दिलीस का, हेही तो विचारीत नाही. त्याला नैवेद्य दाखविला की तो गप्प. सीनाय पर्वतावरचा परमेश्वर मात्र बोलतो. तो आज्ञा देतो, प्रश्न करतो, अडवितो. ज्याला ऐकायचेच नाही, त्याला न बोलणारा देव हवासा वाटणारच. ताठ मानेला मुकाच देव मानवतो. म्हणून संदेष्ट्यांच्या दृष्टीने हट्टीपणा आणि मूर्तिपूजा ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत.

बोट कुणाकडे?

हे वाचताना एक मोह होतो आणि त्यापासून मी तुम्हांला सावध करू इच्छितो. मूर्तिपूजेचा विषय निघाला की आपले लक्ष लगेच शेजाऱ्याच्या देवघराकडे जाते. संदेष्ट्यांनी असे केले नाही.

आमोसाचे पुस्तक उघडून पाहा. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ, इ.स.पू. आठव्या शतकातला. तो बेथेल येथे आला. तिथे राजा यराबामाने बसविलेले सोन्याचे वासरू होते. आमोसाने सुरुवात केली ती शेजारच्या राष्ट्रांच्या पापांपासून. दमास्कस, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब... ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असतील. मग त्याने यहूदाचे नाव घेतले. आणि शेवटी, सर्वांत जास्त वेळ, तो इस्राएलविषयीच बोलला: तुम्ही नीतिमान माणसाला रुप्यासाठी विकता, गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकता. तेव्हा बेथेलचा याजक अमस्या त्याला म्हणाला की, तू आपल्या देशात परत जा, इथे संदेश देऊ नकोस.

संदेष्ट्यांचा इशारा घरच्यांसाठी असतो. पारनेर तालुक्यात आपण ज्यांच्या शेजारी राहतो, ज्यांच्या विहिरीवरून आपण पाणी आणतो आणि जे आपल्या मयतीला खांदा देतात, त्यांच्या श्रद्धेची टर उडविण्यासाठी यशयाचा चव्वेचाळिसावा अध्याय लिहिलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, अशी त्यातील शिकवण आहे. तेव्हा हा आरसा आपल्यासाठी आहे. तो दुसऱ्याकडे वळवू नये.

देवाने दिलेली वस्तूही मूर्ती होऊ शकते

यिर्मयाच्या सातव्या अध्यायाची सुरुवात जेरुसलेमच्या मंदिराच्या दारात होते. लोक आत चालले आहेत. मंदिर आपल्याजवळ आहे, तेव्हा आपले काही वाईट होणार नाही, अशी त्यांची खात्री आहे. यिर्मया दारात उभा राहून त्यांना सांगतो की, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यावर जुलूम करायचा, चोरी करायची, खोटी शपथ घ्यायची आणि मग इथे येऊन सुरक्षित म्हणवून घ्यायचे, हे चालणार नाही. शिलो येथील पवित्र स्थानाचे काय झाले ते जाऊन पाहा. सव्विसाव्या अध्यायात या प्रवचनाचा परिणाम सांगितला आहे. यिर्मयाला ठार मारा म्हणून पहिले उठले ते याजक आणि मंदिरातले संदेष्टे! आम्हां धर्मगुरूंनी हे विसरून चालणार नाही. पुढे इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने ते मंदिर जाळले.

मंदिर देवाचेच होते, उपासना देवानेच सांगितली होती. पण लोकांनी मंदिराचाही मुका देव केला होता.

दुसरे उदाहरण पितळी सर्पाचे. अरण्यात सापांनी दंश केलेल्या लोकांसाठी देवाच्या सांगण्यावरूनच मोशेने तो उभारला होता (गणना २१). योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःची तुलना त्या सर्पाशी करतो. तरीही शेकडो वर्षांनी लोक त्या सर्पापुढेच धूप जाळू लागले, तेव्हा राजा हिज्कीयाने त्याचे तुकडे करून टाकले (२ राजे १८:४). ज्या खुणेने देवाकडे पाहायला शिकवायचे, तिच्यावरच नजर अडून राहिली होती.

आपण कॅथलिक लोक पवित्र प्रतिमा ठेवतो आणि त्यांचा मान राखतो. इ.स. ७८७ मधील निसियाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने स्पष्ट केले आहे की, प्रतिमेला दिलेला मान त्या प्रतिमेतील व्यक्तीकडे जातो. आपण प्रतिमेची आराधना करीत नाही. सप्टेंबर महिन्यात आपल्या जिल्ह्यातील हरेगावला मतमाउलीच्या यात्रेसाठी दूरदुरून भाविक येतात, कित्येकजण पायी येतात. ही भक्ती आपले भूषण आहे. पण तिथे जाताना प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. मी माउलीचे ऐकायला चाललो आहे, की फक्त तिला सांगायला? काना येथील लग्नात पवित्र मरियेने नोकरांना तिच्या पुत्राच्या सांगण्याप्रमाणे करायला सांगितले. नवस फेडला, मेणबत्ती लावली आणि घरी येऊन पुन्हा भावाशी अबोला धरला, तर आपण त्या माउलीला मुकी करून टाकली, असेच म्हणावे लागेल.

गळके हौद

यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात एक उपमा आहे, जी पारनेरकरांना जितकी कळेल तितकी क्वचितच कुणाला कळेल. परमेश्वर म्हणतो की, माझ्या लोकांनी दोन दुष्कृत्ये केली. वाहत्या पाण्याचा झरा जो मी, त्या मला त्यांनी सोडले, आणि स्वतःसाठी हौद खणले. तेही फुटके, ज्यांत पाणी ठरत नाही (२:१३).

यिर्मयाच्या देशात चुनखडीच्या खडकात हौद खोदीत आणि आतून चुन्याचा गिलावा देत. पावसाचे पाणी त्यात साठवीत. गिलाव्याला भेग गेली की पाणी जिरून जाई आणि ऐन उन्हाळ्यात तळाशी नुसता गाळ हाती लागे. आपल्याकडे शेततळ्याचा कागद फाटला की काय होते, तेच. खर्च झालेला असतो, कष्ट झालेले असतात, वरून तळे भरलेले दिसते. फसवणूक कळते ती एप्रिलमध्ये.

आपला तालुका अवर्षणप्रवण. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून आपल्यात आहेत. राळेगणसिद्धीचा पाझर तलाव त्याच काळातला, पण बांधाला गळती असल्याने त्यात पाणी ठरत नव्हते. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले. पुढे गावकऱ्यांनी श्रमदानाने तो तलाव दुरुस्त केला, तेव्हा त्याच्या खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. या गोष्टीत आपल्यासाठी एक धडा आहे. गळती आहे हे गावाने आधी मान्य केले. तलाव आमचा आहे, तो चांगलाच आहे, असा हट्ट धरून बसले असते, तर तो तसाच कोरडा राहिला असता.

यिर्मयाच्या काळातील लोकांनी नेमका हाच हट्ट धरला. संकट आले की ते कधी मिसरकडे, कधी अश्शूरकडे धाव घेत. एक हौद गळला की दुसरा खणीत. पण झऱ्याकडे परत जाण्याची गोष्ट कुणी काढीत नसे. यिर्मयाच्या मते मूर्ती म्हणजे हेच. ज्याच्यावर भिस्त ठेवली आणि जे ऐन वेळी कोरडे निघते, ते.

मनातल्या मूर्ती

यहेज्केल संदेष्टा बाबिलोनमध्ये बंदिवासात होता. एके दिवशी इस्राएलचे काही वडीलधारे देवाचे वचन विचारण्यासाठी त्याच्यापुढे येऊन बसले. बाहेरून पाहता सर्व ठीक होते. पण देवाने यहेज्केलाला सांगितले की, या माणसांनी आपल्या मूर्ती मनात बसविल्या आहेत (यहेज्केल १४:३). संत पौलही लोभाला मूर्तिपूजाच म्हणतो (कलस्सै ३:५).

आपल्या मनातील देव्हाऱ्यात कोण बसले आहे? काही नावे मी सुचवितो.

एक, बांध. वीतभर जमिनीसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखांना जातात. वकिलावर झालेला खर्च त्या तुकड्याच्या किमतीहून जास्त होतो, तरी माघार नाही. आई मरते तेव्हा दोघे तिच्या पेटीच्या दोन बाजूंना उभे असतात आणि एकमेकांकडे पाहत नाहीत. ही जमीन आता शेत राहिलेली नाही. तिला नैवेद्य लागतो, आणि तो नैवेद्य म्हणजे भाऊ.

दोन, इभ्रत. लग्नात मांडव, वाजंत्री, जेवणावळी यांसाठी कर्ज काढायचे, का तर लोक काय म्हणतील. वासरासाठी अहरोनाने कानातली कुंडले मागितली होती. इभ्रतीच्या देवापुढेही आधी आईच्या कानातले, गळ्यातलेच जाते.

तीन, बाटली. दारूविषयी वेगळे लिहायला नको. जिच्यासाठी बायकोला मार आणि लेकरांना उपास घडतो, ती मागेल ते मिळवणारी मूर्तीच आहे.

चार, जुना राग. कित्येकांनी तो इतका जपला आहे की, तो काढून घेतला तर आपण कोण उरू, हेच त्यांना कळत नाही.

या प्रत्येकाची खूण एकच. त्या विषयावर कुणी बोललेले आपल्याला खपत नाही. बायको बोलली तर घरात भांडण, मित्र बोलला तर मैत्री तुटते, धर्मगुरू बोलले तर पुढच्या रविवारी देवळात येणे बंद. जिथे आपण कुणालाही बोलू देत नाही, तिथेच आपली मूर्ती बसलेली असते. मान ताठ होते ती जागा शोधा, म्हणजे देव्हारा सापडेल.

‘ऐक’

मग उपाय काय? संदेष्ट्यांचा उपाय एका शब्दात आहे: ऐक. इस्राएलची सर्वांत मोठी प्रार्थना याच शब्दाने सुरू होते (अनुवाद ६:४). हिब्रू भाषेत तिला ‘शमा’ म्हणतात. परमेश्वर एकच आहे आणि त्याच्यावर पूर्ण मनाने प्रीती करावी, हे त्या प्रार्थनेचे सार.

या प्रार्थनेची एक कथा आपल्या महाराष्ट्रातच घडली आहे. कोकणातील बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू बांधव. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले, त्यात थोडेच लोक वाचले आणि त्यांचे ग्रंथ बुडाले. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी, म्हणजे शब्बाथ दिवशी, ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा विसरली, ग्रंथ राहिले नाहीत, पण ‘शमा’ ही प्रार्थना त्यांच्या ओठांवर टिकली, असे सांगतात. सर्व काही गेल्यावरही ‘ऐक’ हा शब्द उरला आणि त्या शब्दाने एक समाज शतकानुशतके जिवंत ठेवला.

योनाच्या पुस्तकात याहून मोठे आश्चर्य आहे. निनवे हे परक्यांचे शहर, शत्रूचे शहर. तिथे संदेष्टा एकदाच आला, तोही नाखुशीने, आणि एक छोटासा इशारा देऊन मोकळा झाला. तरी राजापासून सर्वांनी ऐकले आणि पश्चात्ताप केला. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या संदेष्टे येत होते, ते मात्र ऐकत नव्हते. आपण जन्मापासूनचे ख्रिस्ती आहोत, दर रविवारी देवाचा शब्द ऐकतो. म्हणून हा इशारा आपल्याला जास्त लागू आहे.

तरीही संदेष्ट्यांचा शेवटचा शब्द धमकीचा नाही. ताठ मान वाकविणे माणसाला एकट्याने जमत नाही, हे देव जाणतो. म्हणून यहेज्केलाच्या द्वारे तो वचन देतो की, मी तुमच्यातील दगडाचे हृदय काढून मांसाचे हृदय देईन (३६:२६). दगडाच्या देवामागे लागून दगड झालेल्यांना तो पुन्हा माणूस करणार आहे. पवित्र बाप्तिस्म्यात हे काम त्याने आपल्यात सुरू केले आहे आणि प्रायश्चित्त संस्कारात तो ते पुढे नेतो.

या आठवड्यासाठी

घरातील सर्वांनी एका संध्याकाळी टीव्ही आणि मोबाइल बंद करून एकत्र बसावे, यिर्मया ७:१-२८ हा भाग एकाने मोठ्याने वाचावा आणि पुढील प्रश्नांवर बोलावे. लहानांनाही बोलू द्यावे.

१. आपल्या घरात असा कोणता विषय आहे, ज्यावर बोलायला सगळे घाबरतात?

२. गेल्या वर्षभरात देवाने कुणाच्या तरी तोंडून आपल्याला काही सांगितले, पण आपण ऐकले नाही, असे झाले आहे का?

३. आपला कोणता हौद गळतो आहे आणि तरीही आपण त्यातच पाणी ओतीत आहोत?

४. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगितला आहे. त्यातील कोणती एक गोष्ट आपले कुटुंब या आठवड्यात करू शकेल?

ज्यांचे कुणाशी बोलणे बंद आहे, त्यांनी इस्टरची वाट न पाहता या आठवड्यातच त्या घराची पायरी चढावी. मान वाकवायला तिथूनच सुरुवात होते.

प्रभू परमेश्वर आपल्या सर्वांना ऐकणारे कान आणि मऊ अंतःकरण देवो.

आपला,
धर्मगुरू